प्रदर्शनाचे बक्षीस कशाला? : रायगडच्या यंत्रराजाच्या निमित्ताने

महाड तालुक्यातील रायगड किल्ल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि रायगड विकास प्राधिकरण यांनी केलेल्या उत्खननात २०२१ साली एक सोन्याची बांगडी सापडली. वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र आले आणि महाडच्या एसटी स्थानकापासून गडाच्या पायथ्याच्या पाचाडपर्यंत तिची चर्चा झाली. पुढे २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच गडावरून आणखी एका वस्तूची बातमी आली. ही वस्तू सोन्याची नव्हती. ते एक यंत्र होते आणि बातमीत त्याला ‘यंत्रराज’ किंवा ‘सौम्ययंत्र’ असे म्हटले होते. यंत्रराज म्हणजे आकाशातील ताऱ्यांची उंची मोजून वेळ, दिशा व अक्षांश काढण्याचे उपकरण. युरोपीय भाषांत त्याला ॲस्ट्रोलेब म्हणतात.

बांगडी काचेच्या कपाटात ठेवली की काम संपते. ती काय आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. यंत्राचे तसे नाही. कपाटात ठेवलेले यंत्र मुके असते. शेजारच्या पाटीवर ‘प्राचीन खगोलीय उपकरण, रायगड’ एवढे लिहिले, तर शाळेची सहल त्याच्यासमोर अर्धे मिनिट थांबेल आणि पुढे जाईल. शिक्षकही पुढे जातील, कारण त्यांनाही त्या पाटीतून काही मिळालेले नसेल. मग अशी वस्तू मांडायची कशी? हा प्रश्न आम्हांला नुसता सजावटीचा वाटत नाही. विज्ञानाच्या इतिहासाची प्रदर्शने चांगली कोणती आणि सामान्य कोणती हे ठरवून त्यांना पुरस्कार देण्याची पद्धत जगात काही ठिकाणी आहे. ते परीक्षक नेमके काय पाहतात हे समजून घेतले, तर रायगडच्या यंत्रराजाचे काय करावे याचा अंदाज येतो आणि महाड-पोलादपूरच्या एखाद्या शाळेने काय करावे याचाही.

पदक वस्तूला की मांडणीला?

प्रदर्शन आणि पदक यांची जोडी जुनी आहे. लंडनला १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात परीक्षकांच्या मंडळांनी १७० कौन्सिल पदके आणि सुमारे २,९०० पारितोषिक पदके वाटली. ती सारी मांडलेल्या मालाला होती. कापड उत्तम, यंत्र नवे, दुर्बीण अचूक, म्हणून पदक. पाहणाऱ्याला ते यंत्र समजले की नाही हे कोणी विचारले नाही. मुंबईच्या भायखळ्याचे, १८७२ साली लोकांना खुले झालेले आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय हे याच प्रदर्शनयुगाचे अपत्य. त्याच्या संग्रहाची सुरुवात १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेल्या तयारीतून झाली.

या संग्रहालयाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. २०२२ साली मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाला तो मिळाला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्याच आहेत. पण हे पुरस्कार इमारतीच्या जीर्णोद्धाराचे होते. घुमट, जिने, रंग, लोखंडी खांब यांची निगा कशी राखली याचे ते बक्षीस. आत मांडलेली वस्तू पाहणाऱ्याशी काय बोलते, याचे बक्षीस वेगळे असते.

असा एक पुरस्कार अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर द हिस्टरी ऑफ टेक्नॉलॉजी’ ही संस्था देते. १९८५ साली सुरू झालेला हा पुरस्कार बर्न डिब्नर यांच्या नावाने आहे. डिब्नर हे विद्युत अभियंते आणि कारखानदार. तारा जोडण्याचे सांधे बनवून त्यांनी पैसा मिळवला आणि त्यातून विज्ञानाच्या इतिहासावरील जुने ग्रंथ जमवले. त्या संग्रहाचा मोठा भाग त्यांनी १९७०च्या दशकात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला देऊन टाकला. त्यांच्या नावाच्या पुरस्काराची कसोटी थोडक्यात अशी: प्रदर्शन देखणे आणि नीट बनवलेले हवेच, पण त्याने इतिहासाचा एखादा खरा प्रश्न उभा केला पाहिजे, आणि वस्तू व चित्रे अशी वापरली पाहिजेत की सामान्य माणसालाही रस वाटावा आणि इतिहासकारालाही विचार करावासा वाटावा. पुरस्काराची रक्कम नगण्य आहे. एक फलक आणि सोहळ्याला येण्याजोगा प्रवासखर्च, बस्स. स्थानिक आणि प्रादेशिक इतिहास-संस्थांनीही आपली प्रदर्शने पाठवावीत असा या संस्थेचा आग्रह असतो. ब्रिटनमधील विज्ञान-इतिहास संस्थेच्या पुरस्कारातही लहान आणि मोठ्या प्रदर्शनांचे वेगळे गट असतात, म्हणजे दोन खोल्यांच्या संग्रहालयाची तुलना लंडनच्या सायन्स म्युझियमशी होत नाही. २०१२ साली मोठ्या गटात सायन्स म्युझियमचे ॲलन ट्युरिंगवरील प्रदर्शन पहिले आले होते.

डिब्नर पुरस्कार २०१० साली कोपनहेगनच्या एका वैद्यकीय संग्रहालयाला मिळाला. तेथे राजेरजवाड्यांची रत्नजडित उपकरणे नव्हती. आधुनिक जैववैद्यकाच्या प्रयोगशाळांतील वस्तू होत्या, ज्या एरवी कोणी जपून ठेवत नाही आणि जपल्या तरी मांडत नाही. शरीराचे तुकडे करून, ते तपासून, पुन्हा जोडून आजचे वैद्यक ज्ञान कसे मिळवते हा त्या प्रदर्शनाचा प्रश्न होता. वस्तू सामान्य आणि प्रश्न मोठा, अशी ती मांडणी होती. आमच्या अनुभवात शाळांच्या प्रदर्शनात बहुधा याच्या उलट घडते. वस्तू मोठी, दिवे लुकलुकणारे आणि प्रश्न मात्र कुठेच नाही.

लायडनचे उदाहरण

युरोपातील सगळ्या प्रकारच्या संग्रहालयांतून दर वर्षी एक निवडण्याची प्रथा केनेथ हडसन या ब्रिटिश लेखकाच्या पुढाकाराने १९७७ साली सुरू झाली. चित्रकला, पुरातत्त्व, युद्ध अशा विषयांवरील श्रीमंत संग्रहालयांशी स्पर्धा करून २०१९ साली हा मान एका विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयाने मिळवला. ते नेदरलँड्समधील लायडन शहरातील बुरहाव संग्रहालय.

त्याच्याकडे वस्तू आहेत यात शंका नाही. ख्रिस्तियान हायगेन्सच्या शोधावरून १६५७ साली बनवलेले लंबकाचे घड्याळ तेथे आहे. लेव्हेनहुकने स्वतःच्या हाताने घडवलेले, बोटभर लांबीचे सूक्ष्मदर्शक आहेत. कामरलिंग ओनेसने १० जुलै १९०८ रोजी ज्या यंत्रणेने हेलियम वायूचा द्रव केला, ती नळ्यांची आणि भांड्यांची गुंतागुंतही आहे. पण या वस्तू काही २०१९ साली आलेल्या नव्हत्या. संग्रहालय १९३१ पासून लोकांसाठी उघडे होते आणि २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी अनुदानाच्या कपातीमुळे ते बंद पडण्याची वेळ आली होती. तेव्हाही लेव्हेनहुकचे सूक्ष्मदर्शक त्याच इमारतीत होते. नंतर दालनांची नव्याने मांडणी करून डिसेंबर २०१७ मध्ये ते पुन्हा उघडले आणि दीड वर्षात युरोपातील सर्वोत्तम ठरले. इमारतीचाही त्यांनी उपयोग करून घेतला. पूर्वी ते जोगिणींचा मठ होते, पुढे रुग्णालय झाले, आणि अठराव्या शतकात हेर्मान बुरहाव हे वैद्य तेथेच खाटेशेजारी उभे राहून विद्यार्थ्यांना शिकवत. म्हणजे पाहणारा ज्या जागी उभा आहे, त्याच जागी काय घडले येथून गोष्ट सुरू होते.

जागेपासून सुरुवात करण्याची ही युक्ती यंत्रराजाला फार चांगली लागू पडते, कारण हे यंत्र जागेशी बांधलेले असते. ते कसे, हे थोडे सविस्तर पाहू.

यंत्र आणि त्याची जागा

यंत्रराजावर संस्कृतात पहिला ग्रंथ लिहिला तो महेंद्र सूरि या जैन मुनींनी, फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी असताना, शके १२९२ म्हणजे इ. स. १३७० मध्ये. ग्रंथाचे नावच ‘यंत्रराज’. ज्ञान मूळचे ग्रीक आणि अरबी परंपरेतले, नाव संस्कृत. ‘सौम्ययंत्र’ या नावातला सौम्य म्हणजे मवाळ नव्हे. सोमाची दिशा ती सौम्य, म्हणजे उत्तर. उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून आकाशाचा नकाशा ज्यात काढलेला असतो ते सौम्ययंत्र, आणि दक्षिण ध्रुव मध्यभागी असेल तर याम्ययंत्र. मोगल काळात लाहोरच्या एका कारागीर घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अशी पितळी यंत्रे बनवली. जयपूरच्या वेधशाळेत सवाई जयसिंगाचे यंत्रराज टांगलेले आहे, ते माणसाच्या उंचीपेक्षाही मोठे आहे.

या यंत्रात एकावर एक बसणाऱ्या तबकड्या असतात. वरची जाळीदार तबकडी म्हणजे भपत्र. तिच्या टोकांवर ठळक तारे असतात, आणि सूर्याचा वार्षिक मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, तिच्यावर कोरलेला असतो. ही फिरते, जसे आकाश फिरते. खालची तबकडी म्हणजे अक्षपत्र. ती फिरत नाही. तिच्यावर आपले क्षितिज, आपले खस्वस्तिक म्हणजे डोक्यावरचा बिंदू, आणि उंचीची वर्तुळे कोरलेली असतात. मागच्या बाजूला एक फिरती पट्टी असते. तिच्यातून तारा पाहायचा, त्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत वाचायची, आणि मग भपत्र फिरवून तो तारा अक्षपत्रावरच्या तेवढ्याच उंचीच्या वर्तुळावर आणायचा. आकाश त्या क्षणी जसे आहे तसे हातातल्या तबकडीवर येते, आणि वेळ वाचता येते.

आता मुख्य गोष्ट. क्षितिज प्रत्येक अक्षांशाला वेगळे असते, म्हणून अक्षपत्र एकाच अक्षांशासाठी बनवलेले असते. दिल्लीत ध्रुवतारा सुमारे साडेअठ्ठावीस अंशांवर दिसतो, रायगडावर सव्वाअठरा अंशांवर. दिल्लीचे अक्षपत्र घालून रायगडावर वेळ काढली तर ती चुकणार. त्यामुळे जाणते कारागीर एकाच यंत्रात निरनिराळ्या गावांची अनेक अक्षपत्रे घालून देत. याचा उलटा अर्थ असा की कोणत्याही यंत्रराजाचे अक्षपत्र मोजले, तर ते कोणत्या अक्षांशासाठी घडवले हे यंत्रच सांगते. साक्षीदार मुका नाही, त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे.

हा प्रश्न विचारायला पितळ लागत नाही. एक मोठा पुठ्ठा, दोरी, खिळा आणि पेन्सिल पुरे. मध्यबिंदू हा उत्तर ध्रुव समजा. त्याभोवती ६ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा, ते विषुववृत्त. ३.९ सेंमीचे वर्तुळ कर्कवृत्त आणि ९.१ सेंमीचे मकरवृत्त. दक्षिण दिशा वर धरून मध्यातून एक उभी रेघ काढा. आता महाडचा अक्षांश १८ अंश ५ कला, म्हणजे १८.१ अंश धरू. क्षितिजाच्या वर्तुळाचा मध्य त्या रेघेवर वरच्या बाजूला १८.४ सेंमीवर येतो आणि त्रिज्या १९.३ सेंमी. सूत्र हवे असेल तर विषुववृत्ताची त्रिज्या भागिले अक्षांशाची ज्या, म्हणजे साइन, ही क्षितिजाची त्रिज्या, आणि तीच त्रिज्या गुणिले अक्षांशाची कोटँजंट हे मध्याचे अंतर. दहावीच्या मुलांना हे जमते. दोरीने कंस काढला की दिसते की महाडचे क्षितिज म्हणजे मध्याच्या खालून सुमारे एक सेंटिमीटरवरून जाणारी जवळजवळ सरळ रेघ आहे.

शेजारी तेवढ्याच वर्तुळांवर लायडनचे क्षितिज काढा. अक्षांश ५२ अंश १० कला. त्रिज्या ७.६ सेंमी, मध्य ४.७ सेंमीवर. हा कंस सरळ नाही, चांगलाच वाकलेला आहे. कर्कवृत्ताचा बहुतेक भाग तो आपल्या पोटात घेतो आणि मकरवृत्ताचा थोडाच. कर्कवृत्त म्हणजे २१ जूनच्या सूर्याची वाट, मकरवृत्त म्हणजे २२ डिसेंबरची. म्हणजेच लायडनला उन्हाळ्यातला मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि हिवाळ्यातला अगदी तोकडा. महाडला मात्र सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच राहतो. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली गोष्ट दोन पुठ्ठ्यांवरच्या दोन कंसांनी दाखवता येते.

खस्वस्तिकही मांडून पाहा. महाडच्या पुठ्ठ्यावर तो बिंदू मध्यापासून ४.३५ सेंमीवर येतो, म्हणजे कर्कवृत्त आणि विषुववृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात. सूर्य त्या पट्ट्यातून वर्षातून दोनदा जातो, म्हणून दोन दिवस तो दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. लायडनचा खस्वस्तिक कर्कवृत्ताच्या आत पडतो, तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

पाटीवर काय लिहावे

रायगडच्या वस्तूच्या बातमीत काही तपशील आले होते. वरच्या भागावर अक्षरे कोरलेली आहेत, कासव किंवा सापासारख्या दोन प्राण्यांच्या आकृती आहेत, आणि ‘मुख’ व ‘पूंछ’ अशी अक्षरे आहेत. गड बांधताना अशा यंत्राचा उपयोग झाला असावा असेही त्या वेळी सांगितले गेले.

येथे विज्ञान शिकवणाऱ्याने थांबायला हवे. वस्तू गडावर सापडली हा पुरावा आहे. ती गड बांधताना वापरली गेली हे अनुमान आहे. ही दोन वाक्ये एका पाटीवर एकाच टायपात छापली, तर पाहणाऱ्या मुलाच्या मनात त्यांच्यातला फरक पुसला जातो. आम्हांला वाटते की मांडणीची खरी परीक्षा येथेच आहे. तबकडीवर कोणत्या अक्षांशाची रेषा आहे? अक्षरांचे वळण कोणत्या काळाचे? ती ज्या थरात सापडली त्या थरात आणखी काय होते? नेहमीच्या यंत्रराजाचे भपत्र, अक्षपत्र आणि पट्टी यांपैकी येथे काय आहे? एस. आर. सरमा यांनी भारतीय खगोल-उपकरणांची जी सविस्तर सूची तयार केली, तिच्यातील कोणत्या यंत्राशी हे जुळते? हे प्रश्न पाटीवर उघडपणे मांडले, तर वस्तूची किंमत कमी होत नाही. महाराजांच्या गडाची शान अनुमानाला पुरावा म्हटल्याने वाढते असे आम्हांला वाटत नाही. १२ मराठा किल्ल्यांची नोंद जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत झाली, रायगड त्यांत आहे. आता तर जगातले जाणकार ही पाटी वाचणार आहेत.

आणि सांगण्यासारखे पुराव्यानिशी पुष्कळ आहे. याच रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळच्या नांदगावात, सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ राहत होते. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेऊन जुन्या गणिताशी ताडून पाहत. गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि ज्या, म्हणजे साइनची कोष्टके न वापरता ग्रहगणित करण्याची अशी सोपी रीत दिली की पुढे कित्येक पिढ्या पंचांगे तिच्यावर निघाली. नंतर शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून कृष्ण दैवज्ञांनी ‘करणकौस्तुभ’ हा ज्योतिर्गणिताचा ग्रंथ केला. त्याचा आरंभशक १५७५, म्हणजे १६५३ साल. राज्याभिषेकाच्या एकवीस वर्षे आधीचे. यंत्रराजाच्या शेजारच्या कपाटात हे दोन ग्रंथ आणि पाण्यावर तरंगत ठेवायचे, बुडाला भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र ठेवले, की त्या काळी कोकणात काल कसा मोजला जाई याचे चित्र उभे राहते.

ही माहिती आपल्यापर्यंत आली ती बहुतांशी एका शाळामास्तरांमुळे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरूडचा. त्यांनी रेवदंड्याच्या मराठी शाळेत नोकरी केली, पुढे धुळे आणि पुणे येथील ट्रेनिंग कॉलेजांत शिकवले. नोकरी सांभाळून त्यांनी गावोगावच्या पोथ्या मिळवल्या, त्यांतली गणिते स्वतः करून ताडली आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने या विषयावर ग्रंथासाठी पारितोषिक जाहीर केले होते, ते निमित्त. पारितोषिक त्यांना मिळाले, ग्रंथ १८९६ साली छापून आला आणि दोनच वर्षांनी ते वारले. महाराष्ट्रात विज्ञानाच्या इतिहासाला मिळालेल्या बक्षिसांचा विचार करताना आम्हांला पहिल्यांदा हेच आठवते. ते बक्षीस इमारतीला नव्हते, जुन्या वस्तूला नव्हते, पोथीतले गणित पुन्हा करून पाहण्याच्या कष्टाला होते.

तालुक्याच्या प्रदर्शनात

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसण्याचे प्रसंग आम्हांला येतात. परीक्षकाच्या कागदावर कल्पकता, वैज्ञानिक विचार, कारागिरी, उपयुक्तता, काटकसर, सादरीकरण असे रकाने असतात. इतिहासाला रकाना नसतो. त्यामुळे मुले धरण, ज्वालामुखी, पावसाचे पाणी साठवण आणून मांडतात, आणि बक्षीस बहुतेक वेळा ज्याचा मोटारपंप चालू राहिला त्याला जाते. पण शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असतो, आणि वैज्ञानिक विचार या रकान्यात इतिहासाला भरपूर जागा आहे. पुठ्ठ्याचे अक्षपत्र तेथे सहज बसते. महाडसाठी एक, पोलादपूरसाठी एक असे करू पाहणाऱ्यांनी एक गमत ध्यानात घ्यावी. पोलादपूरचा अक्षांश १७ अंश ५९ कला. दोन्ही गावांत उत्तर-दक्षिण अंतर जेमतेम ११ किलोमीटर, म्हणजे सहा कला. पुठ्ठ्यावर हा फरक पेन्सिलीच्या रेघेत बुडून जातो. उपकरणाच्या अचूकतेला मर्यादा असते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

महाडला आणखी एक विषय हाताशी आहे, पण तो अवघड आहे. सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने माणसांसह वाहून गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. जुन्या पुलाची एखादी मांडणी करायची तर प्रश्न अनेक आहेत. १९२८ साली पूल बांधणाऱ्यांनी किती पूर गृहीत धरला असेल आणि तो कोणत्या मोजमापांवरून? अठ्ठ्याऐंशी वर्षांत नदीचे पात्र कसे बदलले? दगडी खांबाच्या पायाशी वाहते पाणी काय करते हे मुलांना ट्रेमध्ये दाखवता येते. वाळूत एक ठोकळा उभा करायचा आणि एका बाजूने पाणी सोडायचे. ठोकळ्याच्या पुढच्या अंगाला खड्डा पडू लागतो आणि थोड्या वेळाने ठोकळा कलतो. सावित्रीचा पूल याच कारणाने पडला असे या ट्रेवरून सिद्ध होत नाही, आणि तसे पाटीवर लिहूही नये. त्या रात्री गेलेल्यांची माणसे याच परिसरात आहेत, प्रदर्शन पाहायला तीही येतील. अशा विषयाला लुकलुकणारे दिवे लावू नयेत. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे २००५ साली आणि तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे २०२१ साली डोंगर खचून जे झाले, त्याच्या मांडणीलाही हेच लागू आहे. परंतु विषय दुःखाचा आहे म्हणून टाळला, तर कोणता उतार धोक्याचा हे ज्ञान कसे जमत गेले, कोणी मोजले आणि कोणी मोजायचे राहिले, हा इतिहास त्या तालुक्यातल्या मुलांना कधीच कळणार नाही.

एक व्यवहाराची सूचना. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. जमवलेले कागद, छायाचित्रे, पुठ्ठ्याची यंत्रे शाळेच्या तळमजल्यावर ठेवू नयेत.

आणि पुठ्ठ्यावरच्या अक्षपत्राची तपासणी प्रत्यक्ष आकाशाशी करायची असेल, तर महाड आणि पोलादपूर येथे सूर्य डोक्यावर येतो तो १२ मेच्या सुमारास आणि पुन्हा १ ऑगस्टच्या सुमारास. दुसऱ्या वेळी कोकणात ढगच असतात, आणि पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते. पण अंगणात ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी आणि घड्याळ एवढेच लागते. भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे येथे मध्यान्ह मे महिन्यात साडेबाराच्या जरा पुढे होते, तेव्हा बारा वाजून वीस मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपत जावे.